सेल्फ : चार्ल्स केटरिंग आणि एका छोट्या मोटरची गोष्ट



आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमधे जा, मेकॅनिकच्या तोंडी सेल्फ हा शब्द असतोच. सेल्फ उचलत नाही, सेल्फ नुसता टकटक करतोय, सेल्फ उतरवावा लागेल... इंग्रजीतल्या सेल्फ-स्टार्टर या जोडशब्दातला स्टार्टर आपण गाळला आणि सेल्फ ठेवला. इथे अमेरिकेत नेमकं उलटं झालं. सेल्फ गळून पडला आणि स्टार्टर उरला. वस्तू मात्र तीच. ज्या माणसाने ती चालेल अशी करून दाखवली त्याचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. ओहायोमधे राहणाऱ्या मंडळींना हे नाव डेटनजवळच्या गावामुळे माहीत असेल, न्यूयॉर्कच्या मंडळींना स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमुळे. पण हा माणूस कोण आणि त्याने काय काय करून ठेवलं, हे फारसं कुणी सांगत नाही. जे करून ठेवलं त्यातलं सगळंच चांगलं नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

हॅन्डलचे दिवस

आधी सेल्फ नव्हता तेव्हा काय होतं ते बघू. पेट्रोलचं इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. कुणीतरी बाहेरून फिरवून त्याला पहिला दम द्यावा लागतो. त्यासाठी गाडीच्या तोंडाशी एक लोखंडी हॅन्डल लावून ते जोराने फिरवायचं. आपल्याकडे जुन्या अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या डिकीत असं हॅन्डल असायचं, आणि बॅटरी बसली की धक्का मारायचा किंवा हॅन्डल मारायचं, हे वडीलधाऱ्यांना चांगलं आठवत असेल.

पण तेव्हा ते अडीअडचणीला होतं. १९१० च्या सुमारास अमेरिकेत पेट्रोलची गाडी सुरू करण्याचा तोच रोजचा मार्ग होता. त्यात जोर तर लागायचाच, शिवाय धोकाही होता. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हॅन्डल त्याच वेगाने उलटं फिरायचं. मनगट मोडणं, हात मोडणं, अंगठा निखळणं नेहमीचंच. म्हणून हॅन्डल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, अशी शिकवण असे. पेट्रोलच्या गाडीपासून बऱ्याच बायका आणि वयस्क माणसं लांब राहत त्याचं हे एक मोठं कारण होतं.

डोळे अधू, हात हुशार

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, ओहायोमधल्या लाउडनव्हिलजवळच्या एका शेतकरी घरातला. पाच भावंडांतला तो चौथा. लहानपणापासून त्याची नजर अधू होती. फार वाचलं की डोकं ठणकायचं. शाळा संपल्यावर तो एकशिक्षकी शाळेत मास्तर झाला, मग काही काळ वूस्टरच्या कॉलेजात गेला आणि नंतर ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंगला दाखल झाला. पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडून घरी यावं लागलं.

त्यानंतर त्याने काय केलं? टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ताणायच्या. उघड्यावरच्या या कामाने डोळ्यांना विश्रांती मिळाली आणि तो टोळीचा मुकादमही झाला. तारेतून वीज कशी वागते, जोड कुठे सैल पडतो, ओलाव्याने काय होतं, हे तो पुस्तकाऐवजी खांबावर चढून शिकला. याच काळात अ‍ॅशलंड गावात त्याची ऑलिव्ह विल्यम्सशी ओळख झाली. पुढे १९०५ साली दोघांचं लग्न झालं. दरम्यान तो युनिव्हर्सिटीत परतला होता. सोबतचे विद्यार्थी त्याला पुस्तकं वाचून दाखवत आणि तो ऐकून लक्षात ठेवत असे. १९०४ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगची डिग्री मिळाली. आपल्यापैकी बरेच जण बाविसाव्या वर्षी डिग्री घेऊन बाहेर पडलेले. त्या हिशोबाने स्वारी चांगलीच उशिरा निघाली होती.

गल्ल्याच्या पेटीतली मोटर

डिग्री मिळताच त्याला डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. दुकानात गल्ल्यावर जी आकडे मोडणारी पेटी असते तिचा हा कारखाना. तोपर्यंत ही पेटी हाताने दांडा फिरवून चालवायची असे. केटरिंगला काम मिळालं ते ती विजेवर चालवण्याचं.

अडचण अशी, की पेटीचा ड्रॉवर उघडायला आणि आकडे फिरवायला बऱ्यापैकी जोर लागतो. तेवढ्या जोराची नेहमीची मोटर बसवली तर पेटीपेक्षा मोटरच मोठी व्हायची. केटरिंगने प्रश्न वेगळ्या बाजूने बघितला. मोटर किती मोठी हवी हे कशावर ठरतं? ती दिवसभर सतत चालणार असेल तर तापणार, आणि तापून जळू नये म्हणून तिच्यात तांबं आणि लोखंड जास्त लागणार. पण गल्ल्याची पेटी दिवसभर थोडीच चालते? गिऱ्हाईक आलं की एखादा सेकंद काम, मग स्वस्थ. मग छोट्या मोटरकडून त्या एका सेकंदापुरतं तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त काम काढून घेतलं तर काय बिघडतं? तापायच्या आत काम संपलेलं असेल आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत मोटर थंड झालेली असेल.

१९०६ साली विजेवर चालणारी कॅश रजिस्टर तयार झाली. थोडा वेळ जास्त भार आणि मग विश्रांती, हा विचार लक्षात ठेवा मंडळी. केटरिंगचं मोठं यश याच विचारातून आलं, आणि त्याची मोठी चूकही आपल्याला याच विचाराच्या मापाने मोजता येईल.

बार्नमधली कंपनी

याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचा अधिकारी होता. त्याला गाड्यांचा नाद. त्याच्या घरामागच्या बार्नमधे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केटरिंग आणि कंपनीतली चार मंडळी जमायची आणि गाडीच्या विजेवर खटपट करायची. सिलिकॉन व्हॅलीतल्या गॅरेजच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. ही त्याच्या कितीतरी आधीची. प्रथम त्यांनी सुधारलेली इग्निशन म्हणजे ठिणगी पाडायची पद्धत बनवली. ती कॅडिलॅकच्या हेन्री लीलंडने पसंत केली. १९०९ मधे डीड्स आणि केटरिंगने मिळून डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिची आद्याक्षरं जोडून झालेलं डेल्को हे नाव पुढे सगळ्या जगात पसरलं.

यानंतर एक प्रसिद्ध कथा येते. लीलंडचा मित्र बायरन कार्टर हा स्वतः गाड्या बनवणारा. डेट्रॉइटच्या बेल आइलवर एका बाईची बंद पडलेली कॅडिलॅक सुरू करून द्यायला तो थांबला, हॅन्डल उलटं बसून जबडा फुटला आणि त्यातूनच पुढे तो गेला. त्यामुळे हळहळलेल्या लीलंडने हॅन्डल कायमचं काढून टाकायचं ठरवलं. ही कथा बऱ्याच ठिकाणी १९१० च्या थंडीतली म्हणून सांगितली जाते, पण कार्टर १९०८ साली वारला, त्यामुळे ती जशीच्या तशी घेता येत नाही. लीलंडने केटरिंगकडे सेल्फ-स्टार्टरची मागणी केली, एवढं मात्र पक्कं.

दाब हवेवर, स्प्रिंगवर चालणारे स्टार्टर तोपर्यंत लोकांनी करून बघितले होते. विजेच्या मोटरबद्दल सर्वसाधारण समज असा, की गाडीचं इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर आणि तिला पुरेल एवढी बॅटरी गाडीत मावणारच नाही. केटरिंगला हा आक्षेप ओळखीचा वाटला असणार. गल्ल्याच्या पेटीचंच हे थोरलं भावंड. इंजिन फिरवायला काही सेकंद लागतात, तासभर नाही. छोटी मोटर, तिचा वेग उतरवून जोर वाढवणारी दातेरी चाकं, आणि थोडाच वेळ भरपूर करंट देणारी बॅटरी एवढं पुरे.

फेब्रुवारी १९११ मधे डेल्कोची मोटर बसवलेली कॅडिलॅक तयार झाली, त्याच वर्षी पेटंटचा अर्ज गेला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅकवर सेल्फ-स्टार्टर विकायला आला. पेटंट हाती यायला मात्र १७ ऑगस्ट १९१५ उजाडावा लागला. या यंत्रात आणखी एक गंमत होती. सुरू करताना जी मोटर होती, तीच इंजिन चालू झाल्यावर जनरेटर बनून बॅटरी भरायची आणि दिवेही चालवायची. सुरू करताना बॅटरीचे भाग एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवायचे, आणि भरताना तेच शेजारी शेजारी जोडून ६ व्होल्टवर आणायचे, अशी सोय होती. व्होल्ट चौपट केले की तेवढ्याच ताकदीला करंट पावपट लागतो, म्हणून हा खटाटोप. स्टार्टर, दिवे आणि इग्निशन एकाच व्यवस्थेत आणल्याबद्दल कॅडिलॅकला इंग्लंडमधली मानाची ड्युअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली.

जुन्या गाडीत नवा सेल्फ

केटरिंगच्या विचाराची किंमत कळायची असेल तर जुन्या गाडीतला सेल्फ बदलून बघावा. या देशात हा छंद असलेला एखादा शेजारी तुमच्याही गल्लीत असेल. साठच्या दशकातली एखादी फोर्ड मस्टँग घ्या. सेल्फ सुरू होताना बॅटरीतून शंभर-दीडशे अँपियर किंवा त्याहूनही जास्त करंट जातो. एवढा करंट किल्लीतून नेला तर किल्ली जळून जाईल. म्हणून दोन वाटा असतात. किल्लीची बारीक वायर रिले किंवा सोलेनॉइड नावाच्या स्विचला हुकूम देते, आणि तो स्विच जाड केबलमधून येणारा खरा करंट मोटरला सोडतो.

जाड केबलचा जोड गंजला तर काय होतं? जोडाला फक्त एक शतांश ओहमचा अडथळा आला आणि दीडशे अँपियर वाहिले, तर दीड व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतात. बारातले दीड गेले की सेल्फ कण्हायला लागतो आणि लोक विनाकारण नवा सेल्फ आणतात. त्यामुळे आधी दोन्ही टोकं घासून चकचकीत करायची, आणि इंजिनपासून बॉडीकडे जाणारी ग्राउंडची पट्टी विसरायची नाही. करंटला जायला जेवढी चांगली वाट लागते, तेवढीच परत यायलाही लागते.

मस्टँगमधे रिले बॉनेटखाली फेंडरवर असतो, आणि तिथून सेल्फकडे जाणाऱ्या केबलमधे किल्ली फिरवली तरच वीज असते. आज बाजारात मिळणारा छोटा, कायम चुंबकाचा, गियरवाला सेल्फ बसवायचा तर त्याच्या अंगावर स्वतःचं सोलेनॉइड असतं. काही जण जुनी केबल तशीच ठेवतात आणि सेल्फवरच्या मोठ्या बोल्टपासून सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला एक तुकडा जोडून मोकळे होतात. गाडी सुरू होते, पण किल्ली सोडल्यावरही सेल्फ क्षणभर कुरकुरत अडकून राहतो. कारण काय? कायम चुंबकाची मोटर करंट बंद झाल्यावरही फिरत असते, आणि फिरणारी मोटर म्हणजे जनरेटर. ती स्वतःच वीज तयार करून त्या तुकड्यातून सोलेनॉइडला धरून ठेवते. जुन्या मोटरमधे चुंबकत्वही करंटमुळेच येत असे, म्हणून करंट गेला की तेही जायचं आणि हा प्रश्न येत नसे.

उपाय सोपा आहे. जाड केबल रिलेच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून थेट सेल्फच्या मोठ्या बोल्टला न्यायची, आणि रिलेच्या दुसऱ्या बाजूने वेगळी, त्या मानाने बारीक वायर सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला द्यायची. आता जाड केबल कायम जिवंत राहणार, म्हणून ती एक्झॉस्टच्या पाइपपासून दूर, घासणार नाही अशी बांधायची. अर्थात हे सगळं बॅटरीची ग्राउंडची बाजू आधी सोडवून! जुन्या ब्रिटिश गाड्यांमधे तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. जुनी मोटर बॅटरी उलटी जोडली तरी त्याच दिशेला फिरते, पण कायम चुंबकाची उलटी फिरते, तेव्हा त्या गाड्यांत ही गोष्ट आधी तपासावी.

मोटर फिरवली की जनरेटर होते या गुणाचा केटरिंगने १९१२ मधे उपयोग करून घेतला होता. तोच गुण आज जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला सतावतो. आणि दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे थांबून त्याला थंड होऊ द्या, हे जे प्रत्येक मेकॅनिक सांगतो, ती गल्ल्याच्या पेटीचीच अट आहे. विश्रांती मिळाली नाही तर ती छोटी मोटर जळते.

सेल्फने काय बदललं

काही वर्षांत सेल्फ बहुतेक अमेरिकन गाड्यांवर आला. फोर्डची मॉडेल टीसुद्धा १९१९ पासून सेल्फसह मिळू लागली. त्याआधी बायकांसाठी सोयीची गाडी म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या गाडीकडे बोट दाखवलं जायचं. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. हॅन्डल मारावं लागत नाही, हा त्या गाड्यांचा मोठा फायदा सेल्फने काढून घेतला. विजेवरच्या गाड्या मागे पडायला इतर कारणंही होती, पण हे त्यातलं ठळक. एका छोट्या विजेच्या मोटरने विजेच्याच गाडीला घरी बसवलं, आणि ती पुन्हा रस्त्यावर मोठ्या संख्येने यायला शंभर वर्षं जावी लागली.

जनरल मोटर्सची प्रयोगशाळा

१९१६ साली डेल्को विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समधे सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंगने जनरल मोटर्सचं संशोधन सांभाळलं. या काळातली यादी मोठी आहे. गाडीचा रंग वाळायला पूर्वी आठवडे लागत, ते ड्यू पॉन्टबरोबर केलेल्या ड्युको रंगाने काही तासांवर आणलं. डिझेलचं इंजिन हलकं करून रेल्वेत आणण्यामागेही तो आणि त्याचा मुलगा यूजीन होते. २६ मे १९३४ रोजी बर्लिंग्टन झेफर ही डिझेलवरची गाडी डेन्व्हरहून शिकागोला १०१५ मैल १३ तास ५ मिनिटांत न थांबता पोचली, आणि वाफेच्या इंजिनांचे दिवस भरत आल्याचं दिसलं. त्याच घराण्यातल्या टू-स्ट्रोक इंजिनांची डब्ल्यूडीजी-४ इंजिनं १९९९ नंतर भारतीय रेल्वेतही आली.

सगळंच जमलं असं नाही. पाण्याऐवजी हवेने थंड होणारं, तांब्याच्या पट्ट्यांचं शेव्हर्लेचं इंजिन सपशेल आपटलं. जेमतेम ७५९ गाड्या बनल्या आणि १९२३ साली विकलेल्या परत मागवाव्या लागल्या. केटरिंग इतका निराश झाला की त्याने राजीनामा देऊ केला. कंपनीने तो घेतला नाही.

शिशाचं पेट्रोल

आता अवघड भाग. इंजिन ताकदवान करायचं तर पेट्रोल जास्त दाबावं लागतं, आणि जास्त दाबलं की इंजिनात ठोके बसायला लागतात. केटरिंगच्या हाताखालचा टॉमस मिजली वर्षानुवर्षं औषध शोधत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला टेट्राएथिल लेड सापडलं, म्हणजे शिशाचं एक संयुग. एका गॅलनला सुमारे ३ मिलिलिटर एवढ्याने ठोके थांबत. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात हे दोघांना माहीत होतं, पण त्याला प्रमाण कितीतरी जास्त लागायचं, आणि शिशाच्या पेटंटमधे जो पैसा होता तो त्यात नव्हता. फेब्रुवारी १९२३ मधे डेटनच्या एका पंपावर शिशाचं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. १९२४ मधे जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने एथिल कंपनी काढली. तिचा पहिला अध्यक्ष केटरिंग.

शिसं विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. मिजली स्वतः शिशाच्या बाधेमुळे १९२३ च्या सुरुवातीला रजेवर गेला होता. ऑक्टोबर १९२४ मधे न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तीसहून अधिक हॉस्पिटलात गेले. डेटन आणि डीपवॉटरचे मिळून मृतांचा आकडा डझनाच्या वर गेला. मे १९२५ मधे वॉशिंग्टनला सर्जन जनरलने परिषद बोलावली. अ‍ॅलिस हॅमिल्टन, यान्डेल हेन्डरसन यांच्यासारख्या जाणकारांनी धोका स्पष्ट सांगितला. केटरिंगने तिथे उद्योगाची बाजू मांडली. नेमलेल्या समितीने १९२६ च्या सुरुवातीला बंदी घालण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं, पण पुढे लक्ष ठेवायला सांगितलं. हे लक्ष ठेवण्याचं काम बहुतांशी उद्योगाच्याच पैशावर चालणाऱ्या सिनसिनाटीतल्या प्रयोगशाळेकडे राहिलं. तिचं नावही केटरिंग लॅबोरेटरी.

पुढची पन्नास वर्षं जगभरच्या गाड्यांनी हवेत शिसं सोडलं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे नंतर पक्कं सिद्ध झालं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ साली पूर्ण बंद झालं, भारतात २००० साली, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया २०२१ साली. म्हणजे आपल्यापैकी जे सत्तर-ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर लहानाचे मोठे झाले, त्यांनी ही हवा श्वासातून घेतलेली आहे.

याच मिजलीने केटरिंगच्या सांगण्यावरून १९२८ मधे फ्रिजसाठी फ्रिऑन शोधला. आधीचे वायू विषारी किंवा पेटणारे होते, त्या मानाने हा निरुपद्रवी. तो ओझोनचा थर खातो हे १९७४ मधे पुढे आलं आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मागे घेतला गेला. पण फ्रिऑन आणि शिसं एका मापाने मोजू नये. ओझोनबद्दल १९२८ साली कुणालाच कल्पना नव्हती. शिशाबद्दल सावध करणारी माणसं त्याच खोलीत बसलेली होती.

हिशोब

१९४५ साली जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने ४० लाख डॉलर देऊन न्यूयॉर्कमधे कॅन्सर संशोधनाची संस्था उभी केली. उद्योगातली संशोधनाची शिस्त वैद्यकात आणायला केटरिंग सोबत होता, म्हणून दोघांची नावं. झाडाची पानं ऊन कसं साठवतात यावरच्या संशोधनालाही त्याने वर्षानुवर्षं पैसा पुरवला. ऑलिव्ह १९४६ मधे गेली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंगही गेला. डेटनच्या वुडलंड स्मशानभूमीत त्याची समाधी आहे, राइट बंधूंची आहे तिथेच. त्याच्या नावावर १८० हून जास्त पेटंट होती.

मग या माणसाला म्हणायचं काय? मला वाटतं, मोटरच्याच मापाने त्याला मोजावं. जाणकार म्हणत होते की एवढ्या छोट्या मोटरवर एवढा भार चालणार नाही. केटरिंग बरोबर ठरला, कारण भार क्षणाचा होता आणि नंतर मोटरला थंड व्हायला वेळ होता. शिशाच्या वेळीही जाणकार नको म्हणत होते, आणि तिथेही त्याचा भर गॅलनला किती थोडं लागतं यावर होता. पण शिसं निघून जात नाही. ते हाडांत साठतं, मातीत साठतं. रोजचा थोडा भार आणि विश्रांती कधीच नाही. म्हणजे पहिल्या हिशोबातली जी अट होती, तीच इथे नव्हती. जाणकारांचा नकार एकदा खोटा पाडला की दुसऱ्या वेळी तो नीट ऐकून घेणं किती जड जातं, हे आपल्यातल्या इंजिनियर मंडळींना सांगायला नको. आपण नोकरीत जे बनवतो ते सहसा कुणाच्या हाडांत साठत नाही, पण कुठेतरी साठतच असतं. ते कुठे, हे डिझाइनच्या मीटिंगमधे एकदा तरी विचारायला हरकत नाही.

डेटनच्या बाजूला कधी जाणं झालं तर कॅरिलन पार्कमधलं डीड्स बार्नचं दालन मुलांना जरूर दाखवा. हॅन्डल म्हणजे काय आणि ते कसं गेलं ते सांगा. आणि परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलात, की पंपावरची अनलेडेड ही अक्षरंही दाखवा आणि ती तिथे का लिहिलेली असतात तेही सांगा. गोष्ट तेव्हाच पुरी होईल.